स्कॅटर फाइल आधी वाचा, मग फ्लॅश मारा

नागपूरच्या बर्डीवर 'सॉफ्टवेअर मारून मिळेल' अशी पाटी दिसते ना, त्या कामातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे स्कॅटर फाइल. मीडियाटेक चिपच्या फोनच्या फर्मवेअरसोबत ही साधी टेक्स्ट फाइल येते. नोटपॅडमध्ये उघडा. फोनच्या मेमरीचा सातबाराच आहे तो: कोणतं पार्टिशन कुठून सुरू होतं, केवढं आहे, त्यात कोणती फाइल जाणार. उदाहरणार्थ, बूटपुढे पार्टिशन_साइझ ०x२०००००० असेल तर ते ३२ एमबी. इझ_डाउनलोड फॉल्स असेल, तर तिथे फ्लॅश मारणारं सॉफ्टवेअर, एसपी फ्लॅश टूल, काही लिहीत नाही.

क्वालकॉममध्ये हेच काम रॉप्रोग्रॅम नावाची एक्सएमएल फाइल करते, सॅमसंगमध्ये पिट.

आता खरी गोम. टूलमध्ये 'डाउनलोड ओन्ली' आणि 'फॉरमॅट ऑल' हे पर्याय जवळजवळच असतात. फॉरमॅट ऑलने एनव्हीरॅमही पुसलं जातं, आणि आयएमईआय व नेटवर्कचं कॅलिब्रेशन तिथेच असतं. फोन सुरू होतो, पण रेंज गायब! म्हणून आधी एनव्हीरॅमचा बॅकअप घ्याच. *#०६# दाबून नंबरही टिपून ठेवा. 'दुसरा आयएमईआय टाकून देतो भाऊ' म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये या छेडछाडीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

टूलच्या यादीत प्रीलोडरची, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामची, टिक मात्र विनाकारण ठेवू नका. दुसऱ्या मॉडेलचा प्रीलोडर गेला की फोन पडद्यावर काहीच दाखवत नाही.