डांबर संपलं तरी कायदा संपत नाही

पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, आणि हिवाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर गाड्या घालणाऱ्यांची गर्दी होते. चिखल उडवत, लाटा कापत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात आणि ते पाहून आणखी गाड्या येतात. ऑफ-रोडिंग हा छंद मुळात वाईट नाही. मालकाच्या परवानगीने आखलेल्या ट्रॅकवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली तो कसबाचा खेळ आहे. पण कुठे काय चालतं याबद्दल गाडीवाल्यांत आणि गावकऱ्यांतही भलत्याच समजुती आहेत. गावकऱ्यांच्या समजुतींनी नुकसान त्यांचंच होतं, कारण आपल्याला तक्रार करता येते हेच अनेकांना ठाऊक नसतं.

सगळ्यांत पक्की बसलेली समजूत अशी: "हा रस्ताच नाही, मग वाहतुकीचे नियम कसले?"

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'सार्वजनिक जागे'ची व्याख्या दिली आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग तिथून रहदारी होत असो वा नसो. म्हणजे जिथे माणसं हक्काने फिरायला, मासे आणायला, पोरांना खेळवायला जातात तो किनारा या व्याख्येत येतो. वाहनपरवाना, गाडीची नोंदणी आणि विमा या तिन्ही सक्ती अशा सार्वजनिक जागेत लागू आहेत. डांबराचा तिथे उल्लेखही नाही. किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या, नंबरप्लेट नसलेल्या एटीव्हीवर (जाड टायरच्या उघड्या चारचाकीवर) मुलांना बसवण्याआधी पालकांनी एवढं तरी विचारावं: या गाडीचा विमा आहे का? अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न नंतर विचारून उपयोग नसतो.

त्याच्याच जोडीची दुसरी समजूत म्हणजे "सरकारी जमीन, म्हणजे सगळ्यांची." राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात जायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवाना लागतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला मनाईच आहे. शिवाय किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संवेदनशील गटात घातल्या आहेत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण "गाडी गेली आणि आली, बिघडलं काय?" हा प्रश्न बरेच जण मनापासून विचारतात.

सडा म्हणजे उघडा खडक असं वरवर वाटतं. कासचं पठार पाहा. सह्याद्रीतल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत ते आहे. तिथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो. गेंद, सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती त्या थरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात. ओल्या मातीवरून एक जड गाडी गेली तरी तो थर दबतो, उखडतो आणि पुढच्या सरीबरोबर वाहून जातो. तो पुन्हा साचायला किती पावसाळे लागतील, ते कुणाच्या हातात नाही. आंबोलीच्या सड्यावर, जगात जवळपास फक्त त्याच परिसरात आढळणारा एक छोटा भेक पावसाच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. चालकाच्या लेखी तो पाणी उडवायचा खड्डा असतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. यांतली कित्येक अलीकडेपर्यंत माती-गवताखाली होती आणि आणखी किती दडलेली असतील, सांगता येत नाही. चाकाखाली काय आहे हे चालकाला गाडीत बसून कळत नाही.

किनाऱ्यावरही तेच. वेळास, आंजर्ले, गुहागर आणि गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी साधारण दीड फूट खोल घरटं करते आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. कासवमित्र सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, पण नजरेतून सुटलेलं घरटं होतं तिथेच राहतं. गाडीच्या वजनाने वरची वाळू दाबली जाते. पिल्लू असतं जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं, त्याला टायरची खोल चाकोरी म्हणजे दरीच. ते तिच्यात अडकतं, समुद्राकडे जायच्या ऐवजी चाकोरीतूनच सरकत राहतं आणि ऊन चढेपर्यंत कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सर्वोच्च संरक्षणाच्या यादीतला प्राणी आहे हा.

आता आवाजाकडे. "गाडी माझी, सायलेन्सरही माझा" असं म्हणणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पुरेशी कलमं आहेत. नियमात न बसणारा बदल गाडीत केला, बाहेरून आणलेला भाग बसवला, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सायलेन्सरला वळसा घालून धूर बाहेर सोडला तर पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये. आवाजाचं किंवा धुराचं ठरलेलं मानक मोडून गाडी चालवली तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय वाहनपरवान्यावर गदा. त्यामुळे "पोलिसांकडे आवाज मोजायचं यंत्र नाही, ते काय करणार?" हेही चूक. सायलेन्सर बदललेला आहे हे डोळ्यांनी दिसतं.

"थोडासाच आवाज वाढतो" यातही फसगत आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो.

"रात्री दहापर्यंत काहीही चालतं" ही समजूत तर शहरापासून वाडीपर्यंत सगळीकडे आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मर्यादा ५५ डेसिबलची आणि रात्री ४५ ची. जाहीर शांतता क्षेत्रात ती आणखी खाली, ५० आणि ४०. दिवसाही मोकळीक नाही, मर्यादा फक्त दहा डेसिबलने वर आहे. ही मर्यादा त्या परिसरातल्या आवाजाची आहे, त्यामुळे ट्रॅक खाजगी जमिनीवर असला तरी शेजारच्या वस्तीचा हक्क जात नाही. आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा जास्त वर गेला, अथवा रात्रीचे निर्बंध मोडले, तर कुणीही तक्रार करू शकतो. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक आणि त्यावरच्या दर्जाचा अधिकारी यांच्यापैकी सरकारने नेमलेला प्राधिकारी ती ऐकतो.

तरीही तक्रारी होत नाहीत, कारण भीती. गावात बाहेरून आलेली टोळकी, त्यांच्या ओळखी, उद्या नाव फुटलं तर काय? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात पोलिसांना बजावलं की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि ओळख कळली तरी ती समोरच्याला सांगू नका. ते प्रकरण भोंग्यांचं होतं, पण तक्रारदाराला जपायला हवं हे तत्त्व पोलीस ठाण्यात ठामपणे मांडता येतं.

किनाऱ्यावर, सड्यावर गाडी दिसली तर तिच्या आडवे जाऊ नका, वाद घालू नका. लांबूनच व्हिडिओ घ्या, त्यात नंबर आणि जागा ओळखू येईल असं पाहा, वेळ लिहून ठेवा. लगेच धोका असेल तर ११२ ला फोन करा. जागा वनखात्याची असेल तर वनरक्षकाला कळवा आणि चाकोऱ्यांचे फोटो ग्रामपंचायतीतही लेखी अर्जासोबत द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.