कंबरदुखी आणि विजेच्या मुंग्या

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. पैनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, बोली तेलुगू असो की मराठी, वेचणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर धरते ती सगळ्यांचीच. दुखणे तीन महिन्यांहून अधिक रेंगाळले की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. मग फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कधी कधी ‘टेन्स’ नावाचे छोटे यंत्र समोर येते.

त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य वीज जाते, मुंग्या येतात. यामागची कल्पना अशी: १९६५ साली वेदनेचे संशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले, की मज्जारज्जूत वेदनेला जणू फाटक असते. स्पर्शाचे संदेश नेणाऱ्या जाड चेतातंतूंनी गर्दी केली की ते अर्धवट मिटते. ठेच लागली की आपण बोट चोळतो, त्याचेही उत्तर इथेच. दोन वर्षांनी वॉल आणि स्वीट यांनी तोच परिणाम विजेने साधल्याचे दाखवले. (रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस मात्र पहिल्या शतकातच डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा मासा लावायला सांगत होता!)

आराम पडलाच तर बहुधा यंत्र चालू असेपर्यंत, किंवा थोडा वेळ नंतर.

पुरावाही डळमळीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असेच सांगितले. भर दिला तो व्यायामावर. तेव्हा यंत्र विकत घेण्याची घाई नको. पेसमेकर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावूच नये, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला कुणीच नाही.