पेरू गेला कुठे?

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात एकदा वाद पेटला. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांचं सगळ्यात आवडतं फळ कोणतं? मी म्हटलं, "सोपं आहे! प्रत्येक गावच्या शाळेनं आपलं पहिल्या नंबरचं फळ कळवायचं, की झालं." आणि फळ्यावर मनानेच आकडे मांडले.

समजा, सेलूला केळ्यांना ४० मतं, पेरूला ३५. आर्वीला संत्र्यांना ४५, पेरूला ३६. समुद्रपूरला बोरांना ४२, पेरूला ३४. फक्त पहिलं फळ कळवलं, तर संत्री जिंकली!

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मंग पेरू गेला कुठं?"

करा बरं बेरीज. पेरूची मतं १०५! सगळीकडे दुसरा आलेला पेरूच खरा पहिला. चूक माझीच होती.

मग प्रत्येकाने पूर्ण यादी पाठवायची का? तीन गावांचं जमेल. पण जगभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्यातून क्षणाक्षणाला लाखो निरोप धावतात. एखादाच संगणक निरोपांचा भडिमार करून जाळं तुंबवतोय का, हे लगेच कळायला हवं. प्रत्येकाचा हिशेब ठेवायचा तर वही पुरणार कशी?

यावर १९८२ साली एक युक्ती प्रसिद्ध झाली. ती शोधली कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले जयदेव मिश्रा आणि अमेरिकेतले डेव्हिड ग्रीस यांनी. आपण ती चिंचोक्यांवर करू.

दोन रिकामे डबे घ्या. एकेक मूल फळाचं नाव सांगेल. त्या नावाचा डबा असेल, तर त्यात एक चिंचोका टाका. नसेल आणि एखादा डबा रिकामा असेल, तर त्यावर ते नाव लिहून चिंचोका टाका. दोन्ही डबे अडलेले असतील, तर दोन्हींतून एकेक चिंचोका काढा आणि नवं नाव सोडून द्या. बस्स!

काढाकाढीत दर वेळी तीन वेगवेगळ्या फळांचं एकेक मत बाद होतं, बरं का. म्हणजे ३० मतांत असं जास्तीत जास्त १० वेळाच घडेल. मग ज्याला ११ मतं आहेत, त्याचा निदान एक चिंचोका उरणारच! एक तृतीयांशाहून जास्त मतांचं फळ डब्यातून सुटत नाही.

गावोगावचे डबेही एकत्र करता येतात. ही हमी तेव्हाही टिकते, हे पंकज अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. सेलू आणि आर्वी मिळून पेरू ७१, संत्री ४५, केळी ४०. डबे दोनच, म्हणून तिघांतून ४० वजा करा. पेरू ३१, संत्री ५. आता समुद्रपूर मिळवा: पेरू ६५, बोरं ४२, संत्री ५. पुन्हा ५ वजा. पेरू ६०, बोरं ३७.

आकडा १०५ चा ६० झाला, पण पेरू हरवला नाही! एक मात्र आहे. बोरांना तृतीयांशही मतं नव्हती, तरी ती डब्यात राहिलीच. म्हणून डब्यातल्या नावांची शेवटी एकदा खरी मोजणी करावी लागते.

आता सांगा, दोनऐवजी तीन डबे घेतले, तर किती मतांचं फळ नक्की टिकेल? आईबाबांनाही बसवा चिंचोके मांडायला.