बाबागाडीच्या अंतरावरचं केंद्र

बर्मिंगहॅम

इंग्लंडमध्ये मूल जन्मलं की आईबापांना लाल पुठ्ठ्याची एक वही मिळते. लसी, वजन, उंची, सगळी नोंद तिच्यात. परवा इथल्या एका फॅमिली हबमध्ये गेलो होतो. सतरंजीवर लाकडी ठोकळे, भोवती रांगणारी पोरं, आणि कोपऱ्यात हेल्थ व्हिजिटर एका बाळाला उघडं करून काट्यावर ठेवत होती. तिनं वहीतल्या आलेखावर टिंब दिलं आणि लगेच आईकडे वळून विचारलं, "तुला झोप मिळते का?" थोड्या वेळानं तीच आई शेजारच्या टेबलाशी घरभाड्याच्या मदतीची चौकशी करत बसली होती.

हे सगळं एका छताखाली आणण्याची मोठी मोहीम इथे टोनी ब्लेअर यांच्या मजूर सरकारनं १९९८ मध्ये जाहीर केली. तिचं नाव शुअर स्टार्ट. मांडणी अर्थखात्यातल्या नॉर्मन ग्लास यांची. १९९९ पासून गरीब वस्त्यांत चार वर्षांखालच्या मुलांसाठी कामं सुरू झाली. आपली अंगणवाडी आठवते, पण अंगणवाडीत काय द्यायचं ते बहुतांशी वरून ठरून येतं. इथे ते ठरवायचं काम स्थानिक भागीदारी मंडळावर सोपवलं होतं. त्यात आरोग्यसेवा, पालिका आणि स्वयंसेवी संस्थांच्या जोडीला वस्तीतले आईबाप बसत. बाबागाडी ढकलत पोचता यावं, इतपत केंद्र जवळ असावं, हीसुद्धा अपेक्षा होती. आणि पैसा याच कामासाठी राखलेला.

२००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी लंडनमध्ये सांभाळणाऱ्यांच्याच छळानं मेली. पोलीस, रुग्णालयं, समाजसेवा खाती, सगळ्यांच्या नजरेसमोरून ती गेली होती. धागे जोडले कुणीच नाहीत. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीनंतर २००४ च्या बालक कायद्यानं या यंत्रणांवर परस्पर सहकार्याचं बंधन घातलं. ते हवंच होतं. पण त्याच काळात शुअर स्टार्ट पालिकांकडे गेलं, देशभर पसरलं आणि २०१० पर्यंत केंद्रं साडेतीन हजारांवर गेली. दर केंद्रामागचा पैसा आटला, आईबापांचा शब्द मागे पडला. नाव राहिलं तरी मूळ योजना संपत चालली आहे, असं ग्लास यांनी २००५ मध्येच उघड लिहिलं. पुढे काटकसरीच्या वर्षांत राखीव निधीचं कुंपणही निघालं आणि शेकडो केंद्रांना टाळं लागलं.

इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेनं २०२४ मध्ये शुअर स्टार्टच्या छायेत वाढलेल्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतले निकाल तपासले. फायदा ठळक दिसला, गरीब घरांतल्या मुलांना सर्वाधिक. तो सगळा पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे वस्तीच्या हाती कारभार असलेल्या केंद्रांजवळच्या मुलांचा होता. नंतरच्या केंद्रांचा तसा परिणाम आढळला नाही. पालकांना खुर्ची देणं हा योजनेचा कणा होता, असंच मला यातून दिसतं.

आता सरकारनं जुलै २०२५ मध्ये ५० कोटी पौंडांची तरतूद करून २०२८ पर्यंत एक हजारापर्यंत 'बेस्ट स्टार्ट' फॅमिली हब उभारायचं ठरवलं आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. आधीच्या हब योजनेतही पालकांच्या समित्या होत्या, पण त्यांचं काम मुख्यतः मत कळवण्याचं. म्हणून नव्या मार्गदर्शक सूचनांत मी आधी दोन गोष्टी शोधतो: पैसा कुठे खर्चायचा हे ठरवताना आईबापांचं मत मोजलं जाणार का, आणि तो पैसा किती वर्षं राखून ठेवलेला आहे.