घर बांधताना (भाग ५) : आधी थांबे ठरवा, मग खर्च मांडा

शाहपुरातून इच्छापूरच्या रस्त्याला लागलं की एखादं तरी अर्धं घर नजरेस पडतं. कॉलम उभे, भिंती छातीइतक्या, वर आकाशाकडे तोंड करून गंजलेल्या सळया आणि आत कमरेएवढं गवत. अशा घरामागची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. खर्चाचा अंदाज बारा लाखांचा, गाठीला सात-आठ लाख, बाकीचा पैसा केळीची नवती कापली की येणार. मग मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते, नाहीतर ऐन कापणीत भाव पडतो, आणि घर जिथे असेल तिथे थांबतं.

मागच्या भागात आपण दर चौरस फुटाचा हिशेब पाहिला. तो लागतोच, पण त्यातून फक्त एकूण रक्कम कळते. पैसा कोणत्या महिन्यात किती लागेल, आणि हात आखडला तर काम कुठे थांबवता येईल, हे त्यातून कळत नाही. केळी-कापसावर घर चालवणाऱ्या माणसासाठी दुसरा प्रश्न मोठा आहे. म्हणून आज घराचे थांबे पाहू.

हिशेबासाठी ८०० चौरस फुटांचं बैठं घर घेऊ आणि दर १,६०० रुपये धरू. दोन्ही आकडे फक्त उदाहरणाचे. तुमच्या मिस्त्रीचा आजचा दर तुम्ही घाला. एकूण १२ लाख ८० हजार होतात. त्याचे चार तुकडे करायचे.

पहिला थांबा जोत्याचा. पाया, जोत्याचा बीम आणि भरती. यासाठी उदाहरणात २० टक्के, म्हणजे २ लाख ५६ हजार ठेवू. तापीकाठची आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया तिच्यासोबत हलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं आणि तो चार फुटांवर लागेल की आठ, हे खणल्याशिवाय कळत नाही. अंदाज सर्वांत जास्त इथेच चुकतो. काम ठरवण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन पाहा. एका दिवसाच्या मजुरीत मोठी धास्ती मिटते. भरतीही कागदावर लहान दिसते. ८०० चौरस फूट गुणिले अडीच फूट म्हणजे २,००० घनफूट, २० ब्रास. भिंतींची जागा वजा केली तरी दाबून बसवताना जवळपास तेवढीच लागते. जोतं झालं की काम एक पावसाळा निर्धास्त थांबवता येतं. कॉलमच्या उघड्या सळयांना सिमेंटचा घोळ लावून त्या झाकून ठेवल्या की झालं.

दुसरा थांबा स्लॅबचा. भिंती, सेंट्रिंग, लोखंड, स्लॅब. याला ३५ टक्के, ४ लाख ४८ हजार. जोतं ते स्लॅब या वाटेत मध्ये कुठेच थांबता येत नाही. स्लॅब एका दमात ओतावा लागतो. पाच इंच जाडीच्या ८०० चौरस फुटांना ३३३ घनफूट काँक्रीट लागतं. एक-दीड-तीनच्या मालात त्याला ७५ गोण्यांच्या आसपास सिमेंट, तेही एका दिवसात, आणि बीमचं वेगळं. सेंट्रिंगवाल्याचं भाडं, मिक्सर, मजूर सगळं त्याच दिवसाभोवती येतं. म्हणून साधा नियम : स्लॅबपर्यंतची पूर्ण रक्कम हातात असल्याशिवाय जोत्यावर पहिली वीट ठेवू नका. रस्त्याकडेची अर्धी घरं याच वाटेत अडकलेली असतात.

तिसरा थांबा कुलूप लावण्याचा. बाहेरचा गिलावा, गच्चीचा कठडा आणि उतार, दारं, खिडक्या. २० टक्के, २ लाख ५६ हजार. इथे घर पावसापासून आणि चोरापासून सुरक्षित होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने याच थांब्यावर एक खोली, मोरी आणि संडास पुरा करून राहायला यावं. वाचलेलं भाडं घरालाच लागतं.

चौथा भाग फरशी, आतला गिलावा, वायरिंग, नळ आणि रंगाचा. उरलेले २५ टक्के, ३ लाख २० हजार. वायरिंगचे आणि नळाचे पाइप मात्र गिलाव्याआधीच भिंतीत घाला, बाकीचं काम खोलीखोलीने करता येतं. एका वर्षी स्वयंपाकघर, पुढच्या पिलबागेवर पुढची खोली, असं केलं तरी घराचं काही बिघडत नाही.

या चारही भागांच्या वर निदान १० टक्के, म्हणजे १ लाख २८ हजार बाजूला ठेवा आणि ते कर्ज न काढता स्वतःचे असू द्या. बोअर, सेप्टिक टँक, कंपाउंड, नकाशा आणि नगर परिषदेची परवानगी या गोष्टी चौरस फुटाच्या दरात बहुधा नसतात. ठेकेदाराला "दरात काय काय आहे?" याच्या जोडीला "दरात काय नाही?" हेही विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

बँकेचं कर्ज घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तो पैसा कामाच्या मागून येतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, पण बांधकामासाठी ती काम पुढे सरकेल तशी हप्त्याने मिळते. सरकारी मदतीचंही तसंच. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात, स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या आणि वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला अडीच लाखांची मदत आहे. त्यातले दीड लाख केंद्राचे. खेड्यांसाठीच्या योजनेत सपाट भागाला १ लाख २० हजार. दोन्हीकडे पाहणी झाल्यावर हप्ता सुटतो. हप्ता उशिरा आला तरी काम पुढच्या थांब्यापर्यंत जाईल, इतका पैसा जवळ असू द्या.

रेती आणि लोखंड स्वतः मोजून घ्यायची सवयही लावून घ्या. ट्रॉली रिकामी व्हायच्या आत टेप लावा. आतून लांबी १० फूट, रुंदी ६ आणि रेतीची उंची पावणेदोन फूट असेल तर १०५ घनफूट, म्हणजे ब्रासहून जरा जास्त. तीच उंची दीड फूट भरली तर ९० घनफूट. दर दहा ट्रॉलीमागे एक ब्रास कमी. लोखंडाचं सूत्र आठवीतल्या मुलालाही जमेल : सळईचा मिलिमीटरमधला व्यास त्यानेच गुणायचा आणि १६२ ने भागायचा, की मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलोंची हवी. थोडा फरक चालतो. पण दोन-चार सळया काट्यावर ठेवल्या आणि प्रत्येक किलोभर कमी भरली, तर माल परत करा.

अंदाजपत्रकाचा जुना कागद असेल तर तोही पुन्हा पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ३०० रुपयांची गोणी तेव्हा ३८४ ला पडत होती, आता ३५४ ला. उलट पावसाळ्यात नदीतला रेतीउपसा बंद असतो आणि भाव चढतो. म्हणून रेती उन्हाळ्यातच भरून ठेवा.

आज रात्री जेवणं झाली की वहीत चार ओळी आखा. प्रत्येक थांब्यासमोर रक्कम, तो पैसा कुठून येणार आणि कोणत्या महिन्यात, एवढंच लिहा. ज्या ओळीसमोर "बाग कापल्यावर" असं लिहावं लागेल, त्या ओळीचं काम बाग कापल्यावरच सुरू करा. घर एक वर्ष उशिरा झालं तरी चालेल. ते जोत्यावर थांबलेलं असलं तर वर्षभरात त्याचं काही नुकसान होत नाही.

पुढच्या आठवड्यात : ठेकेदाराशी लिखापढी, आणि कोणत्या कामाला किती पैसे कधी द्यायचे.