आठवण करून द्यायची भीती

ओळखीत कुणी गेलं की दोन-चार दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं. 'मेसेज करणार होते, पण म्हटलं, कशाला पुन्हा आठवण करून द्यायची?' बोलणारी माणसं प्रेमळ असतात, म्हणून हे वाक्य जास्तच टोचतं. जिचा नवरा गेल्या मंगळवारी गेला, ती ते विसरून बसली आहे असं खरंच वाटतं का आपल्याला? सकाळी सवयीनं दोन कपांचं आधण ठेवलं जातं आणि मग त्यातलं एक कप पाणी ओतून द्यावं लागतं. दाराशी चपला तशाच असतात. बँकेच्या फॉर्मवर 'मृत' लिहावं लागतं. तिला दिवसभर आठवणच आहे. आपल्या मेसेजनं ती नव्यानं येत नाही. फक्त एवढंच कळतं की ती आठवण आणखी कुणालातरी आहे.

या भीतीपोटी आपण एक तर गप्प बसतो, नाहीतर ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात टाकून मोकळे होतो. ग्रुपवर ते टाकावं, ती रीत आहे. पण त्यात गेलेल्या माणसाचं नावही नसतं. तेच साठ वेळा आलेलं असतं आणि साठातलं एकही घरच्यांना वेगळं आठवत नाही.

'नाव काढलं तर रडतील ना!' हो, रडतील कदाचित. ते रडू मेसेजनं तयार केलेलं नसतं, ते होतंच. आणि रडू आलं म्हणजे इजा झाली, हे कुणी ठरवलं?

गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं हेच शोकाचं काम, ही कल्पना सिग्मंड फ्रॉइडनं 1917 सालच्या एका निबंधात मांडली आणि पुढं ती फार पसरली. 'विसरा आता, पुढं बघा' हा आपला सल्लाही त्याच वळणाचा. पण फ्रॉइडचं स्वतःचं काय झालं? त्याची मुलगी सोफी 1920 मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, एप्रिल 1929 मध्ये, मुलगा गमावलेल्या लुडविग बिन्सवांगर या मनोविकारतज्ज्ञ मित्राला त्यानं पत्र लिहिलं. आज माझी मुलगी छत्तीस वर्षांची झाली असती, हे त्यानं त्यात सांगितलं. तीव्र दुःख ओसरतं, पण ती जागा कुणी भरून काढत नाही आणि ते तसंच असावं, कारण प्रेम चालू ठेवण्याचा तोच मार्ग आहे, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. विसरायला सांगणाऱ्या सिद्धांताचा जनक नऊ वर्षांनंतरही लेकीचं वय मोजत होता. पुढं 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात हेच संशोधनाच्या आधारानं मांडलं गेलं: बहुतेक माणसं गेलेल्याशी असलेलं नातं तोडत नाहीत, वेगळ्या रूपात जपतात. आपल्याला हे नवीन वाटायला नको. आपण तिथी पाळतो, पितृपक्षात पान वाढतो, फोटोला हार घालतो. मग दोन ओळींत त्या माणसाचं नाव लिहायलाच का कचरतो?

भीतीची दुसरी बाजू म्हणजे 'मला असं काही नीट लिहिता येत नाही.' जेम्स डंगन, डेव्हिड मुन्गिया गोमेझ आणि निकोलस एपली यांचा 2022 चा अभ्यास इथं उपयोगी आहे. अडचणीत असलेल्या माणसाला आधाराचे शब्द पाठवणारे, समोरच्याला ते किती आवडतील याचा अंदाज कमीच धरतात. लिहिणारा 'मला जमेल का, शब्द बरोबर आहेत का' यात अडकतो. वाचणारा त्यातली माया बघतो.

एका एसटी वाहकाच्या मुलीला, वडील गेल्यावर त्यांच्या जुन्या सहकाऱ्यानं पाठवलेला मेसेज मी वाचला आहे. 'ताई, मी सोपानरावांबरोबर डेपोत होतो. माझी मुलगी तान्ही असताना माझी मुक्कामी गाडी त्यांनी मागून घेतली, एकदा नाही, बरेचदा. कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला हे माहीत असावं म्हणून लिहिलं. उत्तर देऊ नका.' व्याकरण यथातथाच होतं, स्वल्पविराम तर मीच घातले आहेत. पण समाचाराला आलेल्या प्रत्येकाला ती मुलगी तो मेसेज वाचून दाखवत होती. बाबा रात्री घरी का नसायचे, याचं एक कारण तिला त्या दिवशी कळलं. यात मृत्यूवरचं चिंतन नाही, उपदेश नाही. नाव आहे आणि डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट आहे. ती फक्त त्या सहकाऱ्याकडेच होती. तो गप्प बसला असता तर ती त्याच्याबरोबरच गेली असती.

आठवणच नसेल, त्या माणसाला कधी पाहिलंच नसेल, तर तेही चालतं. 'मी आईंना कधी भेटले नाही, पण तू डब्यातल्या त्यांच्या लोणच्याबद्दल सांगायचीस' एवढंही पुरतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शोकाचे पाच टप्पे ठरलेले असतात, हे खरं नाही: एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं 1969 चं पुस्तक मृत्यू जवळ आलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांवर आधारलेलं होतं, त्यामुळे 'अजून तू स्वीकारलेलं नाहीस' असं कुणाला लिहू नका. पाचव्या दिवशी हसणाऱ्या माणसाला दुःख नाही, हेही चूक; मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलं की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करतच सावरतो. 'सुटले बिचारे' हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही. पोटातलं बाळ गेलेल्या आईला 'दुसरं होईल' हा धीर नव्हे. ते बाळ होतं, हे आधी मान्य करा. आत्महत्या असेल तर कारण विचारणं हे सांत्वन नसतंच. 'आता तूच घरातला मोठा' असं सोळा वर्षांच्या मुलाला तर कृपा करून लिहू नका, त्याचाही बाप गेलाय. 'काही लागलं तर सांग' यापेक्षा 'गुरुवारी मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत मी बरोबर येतो' हे बरं, कारण दुःखातला माणूस मागायला जात नाही.

आणि तेराव्यानंतर लिहू नये, असा नियम कुठंच नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, फोन थांबत नाही. नंतर पाहुणे परततात, रजा संपते, फोन येईनासे होतात. महिन्यानं लिहिलेला मेसेज उशिराचा नसतो. वर्षानं, त्या माणसाच्या वाढदिवसाला लिहिलेलाही नसतो. उशिरा लिहिताना माफीची लांब प्रस्तावना घालू नका, नाहीतर समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागेल. नाव लिहा, आठवण लिहा आणि उत्तराची वाट पाहत नाही, हे शेवटी सांगा.