रेफरच्या चिठ्ठीआधी

धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात 'अमरावतीला रेफर' अशी चिठ्ठी हाती पडली की सोबतची माणसं खाटेपासून चार पावलं बाजूला सरकतात. मुलगा, जावई, गावचा एखादा जाणता. बोलणं कोरकूत सुरू होतं, मध्येच हिंदीत शिरतं, डॉक्टर दिसले की वऱ्हाडीत येतं. गाडी, पैसे, सोबत कोण राहणार, घरी बकऱ्या कोण पाहणार. शेवटी एक जण म्हणतो, 'नेऊन पाहू', आणि लगेच दुसरा, 'बाबाले काही सांगू नका.' बाबा तिथंच, सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर पडलेले असतात. अखेरच्या दिवसांबद्दल घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, असा सल्ला हल्ली शहरात पुष्कळ दिला जातो, आणि त्यासोबत इच्छापत्राचा कागद पुढे केला जातो. मेळघाटात तो कागद दुय्यम आहे. आजार बरा होणारा नसेल, तर ही चिठ्ठी लिहिली जायच्या आत खाटेवरच्या माणसाला एकच गोष्ट विचारलेली हवी: शेवटी कुठं असावंसं वाटतं?

कायद्याची वाट धारणीपर्यंत पोचते, पण अर्धवट. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी कॉमन कॉज खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचार थांबवण्याविषयी आगाऊ लिहून ठेवायला मुभा दिली. त्याची पद्धत इतकी किचकट होती की जानेवारी 2023 मध्ये ती सोपी करावी लागली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर कागद होतो. मात्र तो अमलात आणायचा तर डॉक्टरांची दोन मंडळं बसावी लागतात, आणि दोन्हींत विषयतज्ज्ञ हवेत. कृत्रिम श्वासाचं यंत्र कधी काढायचं, हे ठरवण्यासाठी ही रचना आहे. पण इथला माणूस त्या यंत्रापाशी पोचतो तोवर खरा निर्णय होऊन गेलेला असतो. तो झालेला असतो धारणीच्या व्हरांड्यात, गाडीत चढवायचं की नाही एवढ्यापुरता, आणि ज्याचा जीव आहे त्याला वगळून.

अमरावती इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा, पुढं वलगाव. 108ची गाडी रुग्णाला दवाखान्यात न्यायला आहे; मृतदेह गावी आणायला नाही. म्हणजे जायची सोय सरकारी, यायची ज्याची त्यानं. तिकडे चार दिवसांत आशा संपली की मग 'डामा' होतो, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो असं सही-अंगठ्यानिशी लिहून देणं. घरी न्यायची इच्छा रास्त असली तरी कागदावर ती हट्ट म्हणून नोंदली जाते. आणि सुट्टी घेताना दुखण्याचं औषध, जखमेची पट्टी, गिळता येत नसेल तर काय करायचं, यातलं काही हाती पडेलच असं नाही. हेच बोलणं आधी झालं असतं, तर त्याच डॉक्टरांकडून घरी सांभाळायचं कसं, ते शिकून घेता आलं असतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. जिथं 1993पासून बालमृत्यूंच्या बातम्या थांबत नाहीत, जिथं तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाही, तिथं 'घरीच राहा' म्हणणं हे सरकारला आयती पळवाट देणं नाही का? ही भीती खरी आहे. म्हणूनच 'बरा न होणारा आजार' ही अट सोडता येत नाही. न्यूमोनियाचं मूल, अडलेली बाळंतीण यांच्यासाठी गाडी धावलीच पाहिजे, तिथं इच्छा विचारत बसणं गुन्हा ठरेल. आणि घर ही निवड तेव्हाच ठरते, जेव्हा घरी वेदनेचं औषध मिळतं. ते नसेल तर ती नुसती हतबलता. 2016 साली हरिसालला डिजिटल गावाचा मान मिळाला, तिथून शहरातल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलायची सोय झाली. मरणाऱ्याचं दुखणं शमवायचं कसं, हे विचारायला ती सोय वापरणं मला तरी गावाला मिळालेल्या मानापेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरा आक्षेप नेहमीचा: जिवंतपणी मरणाचं बोलणं अभद्र. कोरकूंच्या बाबतीत हा आक्षेप मला अर्धाच पटतो. ते मृताला पुरतात; पुढं सवडीनं, कधी काही वर्षांनी, सिडोलीचा विधी करून त्याच्या नावानं सागाचा मुंडा उभा करतात. कोरलेली फळी, तिच्यावर चंद्र-सूर्य, घोडेस्वार. जो समाज मेलेल्याला इतक्या निगुतीनं आपल्यात जागा देतो, त्याला मरणाचा विषय वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते मरणाऱ्याच्या तोंडावर बोलणं. पण आपल्याला कुठल्या मातीत ठेवतील आणि आपल्या नावाचा मुंडा कोण करील, हे ऐकून म्हातारा खचेल, असं आपण परस्पर ठरवतो. मरणात काही अर्थ असेलच तर तो अशाच हिशेबांत सापडत असावा: कुणाला काय द्यायचं, कुणाशी अबोला सोडायचा. गप्प बसून घरची माणसं नेमका तोच वेळ त्याच्याकडून काढून घेतात.

राहिला तिसरा, की सांगून तरी कोण पाळतं? याचं उत्तर त्याच रस्त्यावर आहे. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, अमरावतीला नेत असताना, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबा गेले. मरण येईल तिथंच माती द्या, समाधी-मंदिर उभारू नका, असं त्यांचं सांगणं होतं, असं म्हणतात. आज अमरावतीत गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. त्यांचं ऐकलं गेलं नाही, हे तरी आपल्याला कळतं, कारण ते बोलले होते. व्हरांड्यातल्या बाबांचं तेवढंही कुणाला ठाऊक नसतं, आणि गाडी तोवर परतवाड्याच्या पुढं गेलेली असते.